स्पोर्ट्स कारच्या ऑइल प्रेशरचा काटा विचित्र वागतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमकं किती प्रेशर असलं म्हणजे ठीक?

खरा आकडा तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो. तो वाचताना शेजारी छापलेलं तेलाचं तापमान आणि आरपीएमही (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वाचा, त्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. मॅन्युअल हाताशी नसेल तर जुना ठोकताळा असा: गरम इंजिनावर दर १,००० आरपीएमला साधारण १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार. (१ बार म्हणजे १४.५ पीएसआय किंवा १०० किलोपास्कल.) साध्या पंपाचं चांगलं इंजिन गार असताना ४.५ ते ६ बार, पूर्ण तापल्यावर स्लोवर (रेस न देता इंजिन चालू असताना) १ ते २ बार आणि ३,००० आरपीएमला ३ ते ४.५ बार दाखवतं. बऱ्याच नव्या इंजिनांत मुळातच प्रेशर कमी ठेवलेलं असतं, तिथे हा ठोकताळा लावून घाबरू नका.

पण "किती" या प्रश्नापेक्षा "कधी" हा प्रश्न जास्त कामाचा आहे. काटा गरम झाल्यावर पडतो की गार असतानाही? स्लोवर पडतो की रेस दिल्यावर? सरळ रस्त्यावर की वळणात? एवढी उत्तरं नीट मिळाली तर इंजिनाला पाना लावण्याआधीच निम्मं निदान झालेलं असतं.

गार असताना ५ बार, गरम झाल्यावर १.२ बार. एवढा फरक का पडतो?

पंप प्रेशर तयार करत नाही. तो फक्त तेल ढकलतो, आणि त्या तेलाला बाहेर पडायला जितका अडथळा होतो तितकं प्रेशर काट्यावर दिसतं. अडथळा दोन गोष्टींवर ठरतो: तेलाचा घट्टपणा आणि बेअरिंगमधली फट (फिरणारा दांडा आणि त्याचा आधार यांच्यातली).

४० ग्रेडचं तेल १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (घट्टपणाचं एकक) दरम्यान असतं. तेच ५डब्ल्यू-४० तेल ४० अंशांना ८०–९० च्या आसपास, आणि सकाळच्या गार इंजिनात त्याहून कितीतरी घट्ट. गार असताना पंप जे ढकलतो ते सगळं बेअरिंगमधून जाऊच शकत नाही, म्हणून रिलीफ व्हॉल्व उघडतो आणि जादाचं तेल परत सोडतो. म्हणजे गार इंजिनावर दिसणारे ५ बार हे मुख्यतः रिलीफ व्हॉल्वच्या स्प्रिंगचं माप असतं, इंजिनाच्या तब्येतीचं नाही. जुनी स्पोर्ट्स कार विकत घेताना मालकाने "बघा, प्रेशर कसं फुल आहे" असं गार इंजिनावर दाखवलं तर मान डोलवा आणि २० मिनिटं गाडी चालवून परत बघा.

फटीचा परिणाम तर फारच तीव्र असतो. बेअरिंगमधून निसटणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ०.०५ मिमीची फट झिजून ०.०७५ मिमी झाली, म्हणजे दीडपट, तर तिथून साडेतीन पटीच्या जवळपास तेल निसटतं.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन गरम झालं असं धरतात. तेल त्यानंतर आणखी १० ते १५ मिनिटं तापत असतं. तेलाचं तापमान ९० अंशांच्या वर गेल्याशिवाय घेतलेलं "गरम" रीडिंग धरू नका.

तपासणी कुठून सुरू करायची?

डिपस्टिकपासून. ऐकायला बाळबोध वाटेल, पण इथेच खूप केसेस मिटतात. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून ५ ते १० मिनिटं थांबायचं, मग काडी पुसून पुन्हा घालून बघायची. ड्राय सम्प (तेल इंजिनाखाली न ठेवता वेगळ्या टाकीत) असेल तर पद्धत वेगळी: हवेने थंड होणाऱ्या पोर्शे ९११ मध्ये लेव्हल बघायची ती इंजिन गरम असताना, स्लोवर चालू ठेवून. बंद करून बघितली की तेल टाकीतून इंजिनात उतरतं, लेव्हल कमी दिसते, माणूस एक-दोन लिटर जास्त ओततो आणि ते तेल पुढे एअर फिल्टरच्या डब्यात जाऊन बसतं.

लेव्हल जास्त असणंही तितकंच वाईट. क्रँक (पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) तेलात आपटून फेस करतो, पंप फेसाळ तेल ओढतो आणि काटा थरथरतो.

मग तेलाचा थेंब बोटांत चोळा, वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि तेल न घालताही लेव्हल वर सरकत असेल, तर पेट्रोल मिसळून तेल पातळ झालंय. थेट इंजेक्शनची इंजिनं छोट्या छोट्या फेऱ्यांवर वापरली की हे होतं. अशा वेळी तेल-फिल्टर बदलून पुन्हा मोजा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, आणि तिथून पुढचा शोध हेड गॅस्केट नाहीतर ऑइल कूलरकडे जातो.

शेवटी मागच्या सर्व्हिसला नेमका कोणता ग्रेड पडला ते शोधा. ४० च्या जागी ३० पडला असेल तर गरम स्लोवरचं प्रेशर कमी दिसणारच.

काटा एकदम शून्यावर किंवा एकदम टोकाला गेलाय. इंजिन गेलं का?

इंजिनाचा आवाज नेहमीसारखा असेल आणि वॉर्निंग लाइट लागला नसेल तर बहुधा दोष वायरचा किंवा सेंडरचा (प्रेशर मोजून गेजला कळवणारा भाग). पण खात्री होईपर्यंत इंजिन बंदच ठेवा.

जुन्या एका वायरच्या सेंडरमध्ये प्रेशरप्रमाणे ओहम बदलतात, आणि दोन पद्धती एकमेकींच्या बरोबर उलट्या आहेत. युरोपीय गाड्यांत दिसणाऱ्या व्हीडीओ (VDO, गेज बनवणारी कंपनी) पद्धतीत शून्य प्रेशरला सुमारे १० ओहम आणि पूर्ण प्रेशरला सुमारे १८० ओहम. अमेरिकी पद्धतीत शून्याला २४० आणि पूर्ण प्रेशरला ३३ ओहम. म्हणून व्हीडीओच्या गाडीत वायर तुटली की काटा वरच्या टोकाला जाऊन बसतो आणि वायर बॉडीला टेकली की शून्यावर येतो. अमेरिकी गाडीत तुटलेली वायर शून्य दाखवते आणि टेकलेली वायर फुल. नुसतं "काटा शून्यावर" म्हणून सेंडर मागवू नका, आधी आपली पद्धत कोणती ते बघा.

परीक्षा सोपी आहे. इग्निशन चालू, इंजिन बंद. सेंडरची वायर काढा, काटा एका टोकाला जायला हवा. तीच वायर क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवा, काटा दुसऱ्या टोकाला जायला हवा. दोन्हीकडे गेला तर गेज आणि वायर ठीक, सेंडर संशयित. हलला नाही तर दोष वायरिंग किंवा गेजमध्ये.

तीन वायरच्या सेन्सरवर मात्र हा प्रयोग अजिबात करायचा नाही. त्यातली एक वायर ५ व्होल्टचा पुरवठा असते. ती बॉडीला लागली तर त्याच लाइनवरचे दुसरे सेन्सरही बंद पडतात. इथे मल्टिमीटरने सिग्नल वायर मोजा: बहुतेक सेन्सर शून्य प्रेशरला ०.५ व्होल्ट आणि पूर्ण पट्टीला ४.५ व्होल्ट देतात. पट्टी १० बारची असेल आणि मीटर २.५ व्होल्ट दाखवत असेल, तर प्रेशर ५ बार.

जाता जाता: एका वायरच्या सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. त्याचं अर्थिंग त्या आट्यांतूनच होतं. टेपमुळे अडथळा वाढला की व्हीडीओ गेज जास्त दाखवतो, अमेरिकी गेज कमी. हेडलाइट लावल्यावर काटा सरकत असेल तरी दोष अर्थिंगचाच.

आमच्या गाडीचा काटा कायम मध्यावर असतो, गार-गरम काही फरक नाही. चांगलं आहे ना?

चांगलं नाही, तो गेज नसून शोभेचा काटा असू शकतो. माझदा एमएक्स-५ च्या सुरुवातीच्या मॉडेलांत खरा गेज होता. १९९५ च्या मॉडेलपासून त्याच जागी साधा स्विच आला: प्रेशर ठरावीक आकड्याच्या वर असलं की काटा मध्यावर, खाली गेलं की शून्यावर. मधलं काही नाही. असे गेज आणखी बऱ्याच गाड्यांत आहेत. ओळखायची खूण: गार स्लोवरून ४,००० पर्यंत रेस नेताना काटा एका जागी चिकटलेला राहतो.

मेकॅनिकल गेज लावून प्रेशर कसं तपासायचं?

डॅशबोर्डवर विश्वास ठेवून इंजिन खोलू नका. सेंडरच्या जागी मेकॅनिकल गेज लावल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

१. सेंडरची आटी ओळखा. १/८ एनपीटी, १/८ बीएसपी आणि एम१०×१ दिसायला सारख्याच. एनपीटीला इंचात २७ आटे, बीएसपीला २८. चुकीचा अडॅप्टर दोन-तीन फेरे सहज जातो, मग अडतो, आणि जोर दिला की ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला चीर जाते. थ्रेड गेजने मोजूनच अडॅप्टर घ्या.

२. ० ते १० बारचा गेज आणि जाळीचं आवरण असलेला होस वापरा. होस एक्झॉस्टपासून आणि पंख्यापासून लांब बांधा. गरम एक्झॉस्टवर तेलाची पिचकारी उडाली तर आग लागते. तात्पुरत्या जोडणीवर गाडी रस्त्यावर काढू नका.

३. गार स्लो, गरम स्लो, २,०००, ३,००० आणि ४,००० आरपीएम, अशी पाच रीडिंग लिहा. प्रत्येकाशेजारी तेलाचं तापमान.

४. तेच आकडे डॅशबोर्डच्या गेजशेजारी मांडा. मेकॅनिकल गेज बरोबर आणि डॅशबोर्ड चूक निघाला तर सेंडर बदलून मोकळे व्हा.

एक अडचण जागेची असते. सी५ कॉर्व्हेटमध्ये सेंडर इंटेक मॅनिफोल्डच्या मागे, फायरवॉलच्या अंगाला बसतो आणि तिथे हात पोहोचवणं हेच मुख्य काम. अशा वेळी फिल्टरजवळ दुसरं तोंड आहे का बघा. फक्त रीडिंग फिल्टरच्या आधीचं की नंतरचं हे लक्षात ठेवा. फिल्टर तुंबलेला असेल तर दोन्हीकडे चक्क १ बारचा फरक दिसू शकतो.

फक्त गरम झाल्यावर आणि फक्त स्लोवर प्रेशर पडतं. रेस दिली की ठीक.

हा सगळ्यात नेहमीचा नमुना. पंप हळू फिरतोय, तेल पातळ आहे आणि कुठूनतरी जास्त निसटतंय. संशयितांचा क्रम आमच्या मते असा: पातळ किंवा चुकीचं तेल, मग इंजिनाच्या आतली गळती, मग झिजलेली बेअरिंग, आणि शेवटी झिजलेला पंप. पंपाचं नाव लोक सगळ्यात आधी घेतात, पण तो कायम तेलातच असतो, झिजतो उशिरा.

आतली गळती म्हणजे काय, याचं चांगलं उदाहरण निस्सान ३७०झेड. तिच्या व्हीक्यू३७व्हीएचआर इंजिनात टायमिंग कव्हरच्या मागे तेलाच्या गॅलरीवर (तेल वाहून नेणाऱ्या मार्गावर) कागदी गॅस्केट होती. ती फुटली की प्रेशरचं तेल तिथून सुटून सरळ चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यात) पडतं. जमिनीवर एक थेंब दिसत नाही, तेल कमी होत नाही, पण गरम स्लोवर काटा खाली येतो. व्हॉल्व टायमिंगही तेलाच्या प्रेशरवर चालत असल्याने त्याचे कोड येऊ लागतात. उपाय धातूच्या गॅस्केटचा, आणि त्यासाठी पुढचं कव्हर उतरवावंच लागतं. हे माहीत नसेल तर माणूस बेअरिंगच्या मागे लागून पूर्ण इंजिन खोलून बसतो.

स्लोवर ठीक, पण ५,००० च्या पुढे काटा खाली येतो. हे तर उलटंच झालं?

उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. पंपाकडे तेल पोहोचत नाहीये. चेंबरमधलं तेल पिकअपमध्ये (पंपाच्या जाळी लावलेल्या शोषनळीत) ढकलणारी ताकद म्हणजे फक्त हवेचा दाब, जेमतेम १ बार. जाळी अर्धी तुंबली असेल तर स्लोवर लागणारं थोडं तेल येतं. आरपीएम वाढले की पंपाची भूक वाढते, जाळीतून तेवढं येत नाही, आणि तेलात बुडबुडे होऊन प्रेशर कोसळतं.

जाळीत सापडतं काय? काजळीचा चिखल, टायमिंग चेनच्या गाइडचे प्लास्टिकचे तुकडे, आणि फार वेळा कोणीतरी हात सैल सोडून लावलेलं सिलिकॉन सीलंट. चेंबर बसवताना सीलंटची जी बाजू बाहेर दिसते तेवढीच आतही उमटते, आणि आतली तुटून जाळीवर जाते. ३ मिमीची सलग रेघ पुरते.

जाळी स्वच्छ निघाली तर पिकअप ट्यूबची ओ-रिंग बघा. कॉर्व्हेटच्या एलएस१ इंजिनात पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर असतो आणि लांब पिकअप ट्यूब एका ओ-रिंगवर त्याला जोडलेली असते. ती कडक झाली किंवा बसवताना चिमटली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो. स्टार्ट केल्यावर प्रेशर यायला वेळ, टॅपेटची (व्हॉल्व उघडणाऱ्या भागाची) टकटक आणि थरथरता काटा, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसतात.

वळणात काटा क्षणभर पडतो आणि परत येतो. ट्रॅकवर चालतं का?

नाही. हे दुर्लक्ष करण्यासारखं मुळीच नाही. लांब वळणात तेल चेंबरच्या भिंतीवर चढतं आणि पिकअपचं तोंड उघडं पडतं. त्यात भर म्हणजे उंच आरपीएमला बरंच तेल हेडमध्ये अडकलेलं असतं, खाली यायला वेळ घेतं. काटा जेव्हा "थोडासा" पडतो तेव्हा खरं प्रेशर त्याहून खूप खाली गेलेलं असतं, कारण गेजचा काटा मुद्दाम संथ केलेला असतो. सेकंदाला किमान १० नोंदी घेणाऱ्या लॉगरवर प्रेशर, आरपीएम आणि आडवा जी-फोर्स एकत्र बघा. खड्डा फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या वळणात दिसला तर पिकअप कुठल्या बाजूला आहे त्याच्याशी जुळवा. ब्रेकवर पडत असेल तर तेल पुढे धावतंय.

उपाय पायरीपायरीने: लेव्हल कमाल खुणेवर ठेवणं, चेंबरमध्ये झडपा असलेले बॅफल (तेल एका बाजूला धावू न देणारे आडपडदे), मग २–३ लिटरचा प्रेशर ॲक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारी टाकी), आणि चिकट टायरवर नियमित ट्रॅक करायचा असेल तर ड्राय सम्प. कंपनीचा वॉर्निंग लाइट इथे उपयोगाचा नाही. तो ०.३–०.५ बारला लागतो, आणि ६,००० आरपीएमला तेवढं प्रेशर म्हणजे बेअरिंग आधीच घासलेलं. १.४ बारचा, म्हणजे २० पीएसआयचा स्विच लावून मोठा लाल दिवा डोळ्यांसमोर ठेवा.

प्रेशर नेहमीपेक्षा जास्त आहे. जास्त म्हणजे चांगलंच ना?

नाही. गार इंजिनावर ७–८ बारच्या पुढे जात असेल तर रिलीफ व्हॉल्व बंद अवस्थेत अडकलाय का बघा. फिल्टरचा डबा फुगतो, नाहीतर त्याचं रबर बाहेर फेकलं जातं आणि तेल अर्ध्या मिनिटात रस्त्यावर. उलट तोच व्हॉल्व कचरा अडकून उघडा राहिला तर गार-गरम दोन्हीकडे प्रेशर कमी आणि रेस दिली तरी चढत नाही. पिस्टन बाहेर काढून ओरखडे बघा, नखाला लागतात. स्प्रिंगची मोकळी लांबी मॅन्युअलशी ताडा. स्प्रिंगखाली वॉशर घालून प्रेशर वाढवण्याची युक्ती जुनी आहे आणि बेकार आहे: गरम स्लोवर व्हॉल्व मुळात बंदच असतो, तिथे तिने काहीही बदलत नाही.

नव्या गाडीत काटा १.५ वरून एकदम ३.५ बारवर उडी मारतो. बिघाड आहे?

बहुधा नाही. आता अनेक इंजिनांत ईसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) नियंत्रित होणारा, कमीजास्त तेल देणारा पंप असतो. हळू चालवताना इंधन वाचवण्यासाठी प्रेशर कमी, लोड किंवा आरपीएम वाढले की सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व) पंपाला वरच्या टप्प्यावर नेतो. उडी दरवेळी त्याच आरपीएमला येत असेल तर ती रचना आहे. कधीही, कुठेही येत असेल तर सोलेनॉइड आणि त्याचा कनेक्टर तपासा.

घट्ट तेल टाकून प्रेशर वाढवलं तर?

काटा वर येईल, फट तेवढीच राहील. घट्ट तेल गार असताना रिलीफ व्हॉल्वमधूनच परत जातं, बेअरिंगपर्यंत उशिरा आणि कमी पोहोचतं. काही इंजिनांची मूळ शिफारसच घट्ट आहे, जसं बीएमडब्ल्यू ई४६ एम३ च्या एस५४ ला १०डब्ल्यू-६०. ते तिथेच शोभतं. ट्रॅकवर तेल १३० अंशांना पोहोचत असेल तर एक ग्रेड वर जाणं रास्त, पण त्याआधी ऑइल कूलरचा विचार करा.

इंजिन बांधून झाल्यावर पहिल्या स्टार्टला प्रेशर येतच नाही.

लगेच बंद करा. कोरडा पंप हवा ढकलतो, तेल ओढत नाही. गियरचा पंप बसवताना त्याच्या पोटात पेट्रोलियम जेली भरायची असते. आता प्लग काढा, इग्निशन आणि इंधन तोडा, आणि १०–१० सेकंद स्टार्टर मारा, मध्ये मोटार गार होऊ द्या. गेज हलेपर्यंत प्लग परत बसवायचे नाहीत. मिनिटभर स्टार्टर मारूनही काही नाही तर ओ-रिंग विसरली का, किंवा गॅलरीचा एखादा प्लग बसवायचा राहिला का, ते शोधा.

चालत्या गाडीत लाइट लागला तर वर्कशॉपपर्यंत जाऊ का?

नाही. क्लच दाबा, इंजिन बंद करा, गाडी बाजूला घरंगळू द्या. मात्र स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतील, आणि चावी लॉकच्या खाचेत जाऊ देऊ नका.

बेअरिंग गेलंय हे इंजिन न उतरवता कळतं का?

बरंचसं. आवाज आधी: वरून येणारी हलकी टकटक टॅपेटची, खालून येणारी जड खटखट, जी रेस सोडताना किंवा लोडवर वाढते, ती बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगची). त्या सिलिंडरच्या स्पार्क प्लगची जोडणी काढली की खटखट कमी होते.

मग फिल्टर कापा, पण करवतीने नाही, तिचाच कीस आत पडतो. फिल्टर कटर वापरा. कागदाच्या घड्या कापून पक्कडीत दाबा, तेल निथळू द्या आणि उन्हात उलगडून धरा. चुंबकाला चिकटतं ते लोखंड: चेन, कॅम, पंप. न चिकटणारी चमक ही बेअरिंगची किंवा पिस्टनची असू शकते, आणि त्यात तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर संपून आतला लागलाय. तांबूस कण आणि गरम स्लोवरचं कमी प्रेशर, दोन्ही असतील तर गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. चेंबर उतरवा, एक बिग एंड कॅप सोडा, प्लास्टिगेजची (दाबल्यावर चपटी होणाऱ्या मऊ प्लास्टिकची) पट्टी ठेवून कॅप पूर्ण टॉर्कला कसा, क्रँक न फिरवता पुन्हा सोडा आणि चपटी झालेली पट्टी पाकिटावरच्या मापाशी जुळवा. ५० मिमीच्या जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ०.०५ मिमी अपेक्षित, ०.०८ आलं तर बाकीच्या कॅप सोडायलाच हव्यात.